लिफ्टमधली उमेदवार

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते तेव्हा माझा आवाज ऐकायला तारांवर कावळे रांग लावून बसायचे. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. पण आता सांगतेय ते त्याहूनही खरं आहे.

माझ्या भाचीला फर्निचर डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं. अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपणार, आणि बाईसाहेबांकडे चित्रकला विषयच नव्हता! तरी चालेल का, हे विचारायला कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाशी चॅट करायचं. तिथेही रांग. सकाळपासून फोनवर एकच ओळ: ‘कृपया प्रतीक्षा करा.’ शेवटी वहिनीनं तिला दुधाला पिटाळलं. “फोन राहू दे इथं, आत्या बघेल.”

दूध घेऊन पोरगी परत येतच असेल, तोच फोन टुणकन वाजला. ‘नमस्कार, मी प्रवेश अधिकारी. काय मदत करू?’ खाली बारीक अक्षरांत धमकी: उत्तर न आल्यास संभाषण बंद होईल.

“अरे, पोरीला हाक मार!” मी धाकट्या भावावर, म्हणजे पोरीच्या बापावर, ओरडले. तो जिन्याकडे धावला आणि तसाच उलटा आला. “ताई, लिफ्ट अडकलीय. ती आत आहे!”

म्हणजे लाइन सोडायची? मी? अंगठे चालवले. ‘मी उमेदवाराची आत्या. उमेदवार वाटेत आहे. तोवर ऐका. एकदा माझ्या हातून एका नवरा-बायकोचं भांडण थेट अग्निशमन दलाला जोडलं गेलं. बंब आला, पण बाई काही विझेना.’

‘मग?’ पलीकडून आलं. मासा गळाला लागला! तसाच फोन घेऊन मी लिफ्टच्या दाराशी फतकल मारली आणि फटीला तोंड लावलं. “अगं, साहेब लाइनवर आहेत! बोल!”

“चित्रकला नाही, चालेल का विचार!”

विचारलं. उत्तर आलं, ‘स्वतः केलेली एखादी वस्तू असेल तर बघू. काय केलंय?’

“कपाट लिही,” भाऊ कुजबुजला. “नाहीतर अख्खं स्वयंपाकघर! थापा म्हणजे तुझ्या हातचा मळ.”

“थापा माझ्या, निरोप तिचा. निरोपातला काना-मात्रा बदलायचा नसतो.” मी फटीतून विचारलं, “काय केलंयस गं?”

“घडीचं स्टूल. आणि लिही, ते मोडलं.”

“मोडलं ते कशाला सांगायचं?”

“आत्या, लिही!”

लिहिलं. ‘कोण बसलं होतं?’ साहेबांनी विचारलं.

“आत्या!” आतून खणखणीत आवाज आला.

भावानं कंबरेवर हात ठेवले. माझ्या लंगडण्याचं कारण मी घरभर वेगळं सांगितलं होतं. “आणि ताई, तो चोर? ज्याच्यामागे तू धावलीस?”

“गप, लाइन चालू आहे,” म्हणत मी टाइप केलं: ‘आत्या.’

‘का मोडलं?’

आता पोरीला चेव चढला. “पायाचं लाकूड चुकलं! त्याच्या रेषा आडव्या होत्या, आणि नेमकं तिथंच मी भोक पाडलं. दुसऱ्यांदा उभ्या रेषांचं लाकूड घेतलं, भोक वर सरकवलं. आता त्याच्यावर उभे राहून बाबा बल्ब बदलतात!”

माझे अंगठे नुसते नाचत होते. पाठवलं. पडद्यावर तीन ठिपके हलायला लागले, थांबले, पुन्हा हलले. शेजारीपाजारी जमले. वहिनीनं माझा खांदा असा आवळला की हाड बोललं. तेवढ्यात लिफ्टचा मेकॅनिक पेटी घेऊन आला. “सरका आजी, दार उघडतो.”

“थांब रे बाबा! आधी कॉलेजचं उघडू दे!”

ठिपके गेले. मी घसा साफ केला आणि दाराच्या फटीतून शब्दन् शब्द वाचला: “मोडलेल्या आणि नव्या, दोन्ही स्टुलांचे फोटो अर्जाला जोडा. चित्रकलेची अट सोडतो. मुलाखतीला या.”

आत पोरीनं अशी उडी मारली की लिफ्ट खडबडून जागी झाली आणि थेट वरच्या मजल्यावर जाऊन उघडली. मेकॅनिक म्हणतो, त्यानं बटण दाबलं. म्हणू दे बिचाऱ्याला, त्याचंही पोट आहे.

भाची दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आली, मागे दुधाचा ओघळ. “आई, मोडलेलं स्टूल पलंगाखालून काढ! बाबा, नवीन आणा! आत्या, तू मोडक्याशेजारी उभी राहा. वजन किती पडलं ते साहेबांना दिसायला हवं!”

उभी राहिले. केस विंचरायलासुद्धा वेळ दिला नाही कार्टीनं.