बंद दारामागचा पेट्रोलचा डबा

समितीवाल्यांनो, एल्रॉय व्होंद्राचे हात तुम्ही जाळलेत. आगीकडे बोट दाखवू नका. आग माझ्या पोटातल्या पेट्रोलने लागली हे मी कबूल करतो. पण मला त्या खोलीत कोंडले कोणी?

मित्रांनो, मी एक जुना पेट्रोलचा डबा आहे. लाल, जाड पत्र्याचा. माझे झाकण स्प्रिंगचे आहे, हात सोडला की फट्कन मिटते. गवत कापायच्या यंत्राला पेट्रोल पाजायचे, एवढेच माझे काम. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या गावात एल्रॉयने मला दुकानातून उचलले, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. आता नाहीत.

हा माणूस चाळीस वर्षे धान्याच्या कोठारावर कामाला होता. तिथे नुसत्या धान्याच्या धुळीनेही स्फोट होतो. त्यामुळे ठिणगी म्हटले की त्याचे कान उभे राहायचे. त्याने माझ्यासाठी घरापासून दूर, कुंपणाला लागून लाकडी खोपी बांधली. तिला वर झरोका, खाली झरोका. मला तो कधी काठोकाठ भरत नसे. उन्हाळ्यात पेट्रोल फुगते, त्याला जागा लागते. गवत कापता कापता यंत्रातले पेट्रोल संपले, तर एल्रॉय झाडाखाली बसून बर्फाचा चहा प्यायचा. यंत्र गार झाल्याशिवाय माझे झाकण उघडायचे नाही, हा त्याचा नियम.

त्याची बायको डार्लीन खिडकीतून ओरडायची, "अरे म्हातारबा, अर्धे गवत उभे आहे! यंत्र दमले की तू?"

"यंत्रच दमलंय गं. मी त्याला सोबत करतोय."

ते माझे सुखाचे दिवस होते.

मग घरे-अंगणे कशी दिसावीत हे ठरवणारी वसाहतीची समिती आली. पहिले पत्र आले, खोपी शोभत नाही, पाडा. एल्रॉयने ती स्वतःच्या हाताने पाडली आणि मला घराला चिकटलेल्या गॅरेजमध्ये आणले. तिथे कोपऱ्यात पाणी तापवायची गॅसची टाकी आहे. तिच्या बुडाशी एक निळी ज्योत रात्रंदिवस जळते. दुसरे पत्र आले, गॅरेजचे दार गाडी आत-बाहेर करण्यापुरतेच उघडायचे. मग एल्रॉय मला मोकळ्या हवेत बाहेर ठेवू लागला, तर तिसरे पत्र माझ्याबद्दल आले. दारासमोरच्या फरशीवर लाल डबा दिसला, पुन्हा दिसल्यास दंड.

मी काय करणार? मला पाय नाहीत, तोंड आहे पण बोलता येत नाही. माझ्या झाकणाचे रबर चिरले होते. आतून वाफ झिरपत होती. मित्रांनो, ही वाफ वर जात नाही. ती हवेपेक्षा जड असते. सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीवरून सरकते, डोळ्यांना दिसत नाही. मी रोज त्या ज्योतीकडे बघत बसायचो. सुटका नाही, हाक मारायची सोय नाही.

त्या शनिवारी समितीचा वेंडेल मोजपट्टी घेऊन दारोदार गवत मोजत फिरत होता.

"या वेंडेलसाहेब," एल्रॉय म्हणाला, "माझं डोकंही मोजून घ्या. तिथे तक्रारीला जागा नाही."

वेंडेल हसला नाही. "मागच्या बाजूचं वाढलंय, व्होंद्रा. मी तासाभरात परत येतो. आणि ते दार खाली घे."

मागचे गवत निम्मे कापून झाले आणि पेट्रोल संपले. चहा प्यायला वेळ नव्हता. एल्रॉयने तापलेले यंत्र आत ढकलले, दार खाली घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. त्याने मला तिरपे केले. घाईत माझी तोटी निसटली, थोडे पेट्रोल फरशीवर सांडले.

डार्लीनने स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये यायचे दार उघडले. "एल्रॉय, वास येतोय रे!"

"थांब गं, दोन मिनिटं. झालंच."

ज्योतीपर्यंत वाफ पोहोचली. भक्क! फरशी पेटली.

एल्रॉयने कोपराने दाराचे बटण दाबले. दार वर जाईपर्यंत मला छातीशी धरून तो उभा राहिला, मग धावत बाहेर हिरवळीवर आला. त्याच्या बाह्या पेटल्या होत्या.

"टाक तो डबा! मूर्खा, टाक!" डार्लीन मागच्या दाराने पळत आली होती, हातात बागेची नळी होती.

तो टाकेना. टाकला तर फुटेल आणि डार्लीन समोर आहे, हे त्याला कळत होते. तिने पाणी मारल्यावरच त्याने मला खाली ठेवले. हळूच. नेहमी ठेवायचा तसे.

एल्रॉय अजून ओमाहा शहरातल्या इस्पितळात आहे. त्याची बोटे बांधलेली आहेत. डार्लीन त्याला चमच्याने सूप भरवते आणि घरी येऊन स्वतः गवत कापते. कारण आग लागल्यानंतर अकराव्या दिवशी, समितीवाल्यांनो, तुमचे पत्र आले, गवत वाढले आहे. नवी टाकी आली, ती त्याच कोपऱ्यात बसली. त्याच ज्योतीसमोर मीही पुन्हा बसलो आहे. भिंती काळ्या आहेत. आता माझी कडी डार्लीनच्या हातात असते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला मोकळ्या हवेत, ज्योतीपासून आणि घरापासून लांब ठेवा. यंत्र गार होऊ द्या. त्याला बाहेरच पेट्रोल पाजा. कोणी घाई केली तर त्याला थांबायला सांगा, मग तो कितीही मोठा असो.

आणि समितीवाल्यांनो, डार्लीनने तुम्हाला एका ओळीचा अर्ज दिला आहे. "कुंपणापाशी पुन्हा खोपी बांधू का, की हा डबा तुमच्यापैकी कोणाच्या घरात ठेवू?" तीन आठवडे झाले. शनिवारी ती पुन्हा माझे झाकण उघडणार आहे.

त्याच्या आत उत्तर द्या.