चालतेय तोवर

सिस्टरने उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला कॅमेरा टेबलावर ठेवला आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकून बसली. अभ्रा कशाला, ते भिंगकाकांना आधी कळेना. मग लक्षात आलं, जिन्यात कोणी बघू नये म्हणून.

"काका, रागावू नका," ती म्हणाली. "तुमचा कॅमेरा मी बिघडवला."

भिंगकाकांनी अभ्र्याची गाठ सोडायला घेतली. तशी त्याची काही गरज नव्हती. आत काय बिघडलंय हे त्यांना तिच्याआधीपासून ठाऊक होतं. पण हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून ते त्या गाठीशी झटत बसले.

भिंगकाका हे नाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. नोकरी त्यांची एका बांधकाम कंपनीत नकाशे काढायची, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. कोणाला कॅमेरा घ्यायचा असो, बदलायचा असो की विकायचा असो, आधी भिंगकाकांना विचारायचं, ही तिथली रीत झाली होती. काकाही असे, की विचारायला आलेल्या माणसाला चहा पाजून चांगलं पिळून काढल्याशिवाय सोडायचे नाहीत. लेन्स म्हणजे दागिना आणि बॉडी म्हणजे कपडे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दागिना जन्मभर जपायचा, कपडे विरले की बदलायचे. नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, बाजारात आली म्हणून लगेच धावत सुटायचं नाही. आपल्या कामाला जुनी कुठे कमी पडते ते बघायचं. आणि बदलायची ठरलीच, तर जुनी चालतेय तोवरच दुसऱ्याला देऊन मोकळं व्हायचं. हे शेवटचं सांगताना ते बोट उभं करत, आणि ऐकणारे मान डोलावत.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांचं वर्षभर घोंगडं भिजत पडलं होतं. नवी बॉडी आली होती, कमी उजेडातसुद्धा झकास काम करणारी. तिच्याबद्दल वाचून वाचून काकांची झोप उडाली होती. पण जुनी कुठे कमी पडते, या स्वतःच्याच प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. बायकोने तर तोंडावर विचारलं होतं, की गच्चीतल्या कुंड्यांचे फोटो आता काय अंधारात काढायचे आहेत का.

मग एकदा कुंडीचाच फोटो काढताना वरच्या भागावर काळा पट्टा आला. पुन्हा काढला, तर नीट. चार दिवसांनी पुन्हा पट्टा. कॅमेऱ्याच्या आतला शटरचा पडदा अडकत होता, आणि कधी अडकेल याचा काही नेम नव्हता. काकांनी घर डोक्यावर घेतलं. दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, हा पडदा आता जायचाच, त्यापेक्षा नवा कॅमेरा घ्या. काकांना हवं होतं ते उत्तर मिळालं. त्यांनी जुना कॅमेरा स्वच्छ पुसला, बॅटरी काढून पुन्हा घातली, आणि काय आश्चर्य, नंतरचे दोन आठवडे तो अगदी शहाण्यासारखा चालला.

नेमकी तेव्हाच वरच्या मजल्यावरची, हॉस्पिटलात काम करणारी सिस्टर सल्ला विचारायला आली. तिच्या आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. चार गावांना पांगलेली भावंडं एका दिवसासाठी एकत्र यायची होती आणि फोटो तिला स्वतःच्या हाताने काढायचे होते. दुकानात तिने एक छोटासा नवा कॅमेरा बघून ठेवला होता. तो घेऊ का, एवढंच तिला विचारायचं होतं.

"ते खेळणं कशाला घेतेस?" काका म्हणाले होते. "माझाच घे, कायमचा."

तिचा चेहरा असा उजळला, की पुढचं बोलायचं काकांच्या जिभेवरच राहिलं. तुमच्या हातचा म्हणजे नव्यासारखाच, असं ती दोनदा म्हणाली. कॅमेरा आणि त्या दिवसापुरत्या दोन लेन्स देताना काकांनी म्हटलं, वापरलेली वस्तू आहे हं, जशी आहे तशी. सांगितलं नाही असं नाही, असं ते त्यानंतर मनाशी घोकत राहिले. न्यायालयात उभं राहायची वेळ आली तर उपयोगी पडेल, असं ते वाक्य होतं. आपण सिस्टरशी असं वाक्य का बोललो, हा विचार मात्र त्यांनी केला नाही.

अखेर गाठ सुटली. कॅमेरा पूर्वीसारखाच दिसत होता. सिस्टरने फोटो दाखवले, आणि दाखवताना ती स्वतःच हसायला लागली. घरच्या गच्चीवर सगळे ओळीने उभे होते. पुढे खुर्च्यांवर आईबाबा. खुर्चीवर बसलेले तेवढे शाबूत होते. मागे उभ्या असलेल्यांच्या गळ्यापासून वर सगळं काळंकुट्ट.

"माझे भाऊ तसे बिनडोक्याचेच आहेत," ती म्हणाली. "पण आई रोज विचारते, फोटो कधी दाखवतेस. तिला काय सांगू?"

हसणं तिथेच संपलं. तिने रुमाल काढून नाक पुसलं. गच्चीवर वारा होता, ती सांगत होती, आणि सगळे फोटोत मावेनात म्हणून तिने तिथेच उभ्या उभ्या लेन्स बदलली होती. बदलायला नको होती, हे तिला तेव्हाच जाणवलं होतं.

"धूळ गेली ना आत? तेव्हाच बिघडला ना?"

आता काकांना फक्त नाही म्हणायचं होतं. एवढासा शब्द. तो त्यांनी घशापर्यंत आणलाही. पण तिने भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू आता हेच काय ते खरं सांगतील, आणि त्या नजरेपुढे काकांची पाचावर धारण बसली. इमारतीतला एकेक माणूस त्यांच्या डोळ्यांपुढून सरकला.

"तेव्हाच," ते म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण गप्प बसतील तर ते काका कसले? लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली धरावं, वाऱ्याकडे पाठ करावी, जमलं तर घरात जावं, असं सगळं त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. ती शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती. बोलता बोलता काकांचं बोट उभं राहिलं. ते त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी हात मांडीखाली घातला.

"कॅमेरा तुमच्याकडेच असू द्या," जाताना सिस्टर म्हणाली. "सुट्या भागांसाठी तरी उपयोगी पडेल. फक्त इमारतीत कोणाला सांगू नका, काका. मला फार लाज वाटतेय."

"नाही सांगणार," काका म्हणाले.

आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. तिथे काकू गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून पलंगावर होत्या. रोज सकाळी त्यांना एक इंजेक्शन लागायचं, आणि ते द्यायला हीच सिस्टर कामावर जाण्याआधी खाली यायची. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ऑपरेशनचं कळल्यावर ती आपणहून आली आणि येतच राहिली. काका जेवणाचं ताट घेऊन आत गेले, तेव्हा काकूंनी ताट घेतलं आणि बाजूला ठेवून दिलं.

"तुम्ही तिला सांगितलं नव्हतं?"

"तेव्हा चालत होता तो."

"मला वाटलं, सांगून दिला असेल," काकू म्हणाल्या. पुढे त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर काकांना चिडता तरी आलं असतं.

त्या दिवसापासून काकांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. उद्या सांगू, असं रोज ठरायचं. कधी कोणीतरी सोबत असायचं, कधी सिस्टर घाईत असायची. कारणांना काय तोटा? जिन्यात तिची चाहूल लागली की काका कुलपाशी उगाच खुडबुड करत राहत आणि ती गेली की खाली उतरत. ऑफिसात एकाने विचारलं, माझी बॉडी पाच वर्षांची झाली, आता बदलू का? काकांनी त्याला, मला त्यातलं एवढं कळत नाही, असं सांगितलं. तो थट्टा समजून हसला. काकांचे कान मात्र तापले होते. जुना देताच घेतलेला नवा कॅमेरा कपाटात होता. एकदा त्यांनी तो बाहेर काढला, डोळ्याला लावला, आणि काही न टिपता परत ठेवून दिला. आपण चोर आहोत, असं त्यांना तेव्हा अगदी स्वच्छ वाटलं. चोराला निदान मार तरी बसतो. इथे समोरचं माणूसच येऊन माफी मागून गेलं होतं.

सिस्टर मात्र रोज येत होती. फक्त तिचं बोलणं कमी झालं होतं. एरवी ती दारातूनच वॉर्डातल्या गमती सांगत यायची. कोणता पेशंट सलाईनच्या स्टँडसकट कँटीनला गेला आणि कोणाची सासू डॉक्टरांनाच पथ्य सांगून गेली, हे ऐकून काकू पोट धरून हसायच्या, आणि इंजेक्शन कधी झालं ते कळायचंही नाही. आता ती गुपचूप यायची, हात धुवायची आणि औषधाची कुपी उजेडात धरून त्यावरचं नाव वाचत राहायची.

त्या सकाळी तिने नाव वाचलं, औषध सिरिंजमध्ये ओढलं, हवा काढली, आणि थांबली. कुपी पुन्हा उचलून तिने ती काकूंपुढे धरली.

"काकू, तुम्हीही एकदा वाचा. बरोबर आहे ना?"

"अगं, रोजचंच तर आहे."

"तरी वाचा. माझ्या हाताचं हल्ली काही खरं नाही." ती हसण्याचा प्रयत्न करत होती. "काल वॉर्डात एका बाळाला सुई लावायची होती. मी दुसरीला लाव म्हटलं. म्हटलं, उगाच माझ्या हातून काहीतरी व्हायचं."

दारात उभ्या असलेल्या काकांच्या हातात वर्तमानपत्र होतं. या बाईच्या हाताची ख्याती त्यांनी ऐकली होती. जिथे कोणाला शीर सापडत नसे, तिथे हिला बोलावत. आणि आता ती गुडघ्याला पट्टी बांधलेल्या एका बाईला विचारत होती, की हे औषध बरोबर आहे ना.

काकूंनी कुपीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. बोलत होत्या सिस्टरशी, पण पाहत होत्या दाराकडे.

काकांनी वर्तमानपत्र खुर्चीवर ठेवलं. काय बोलायचं ते त्यांनी किती वेळा जुळवून ठेवलं होतं. त्यात गैरसमज हा शब्द होता, आणि तेव्हा माझ्याही नीट लक्षात आलं नाही, असंही एक वाक्य होतं. त्यातलं काहीही या वेळी तोंडावर आलं नाही.

"सिस्टर, तो कॅमेरा आधीच बिघडलेला होता," ते म्हणाले. "तुला दिला त्याच्याही आधी. पडदा अडकत होता. मला माहीत होतं."

सिस्टरने मागे वळून पाहिलं नाही. तिने काकूंच्या पोटावर कापूस फिरवला, चिमटीत कातडी धरली आणि सुई टोचली. तिचा हात जराही हलला नाही. सुई काढून तिने कापूस दाबून धरला.

"चोळू नका," ती काकूंना म्हणाली. मग कापसाकडेच बघत तिने विचारलं, "आणि वारा?"

"वाऱ्याचा काही संबंध नाही."

"धूळ?"

"काही नाही. मी खोटं बोललो."

"बरं," ती म्हणाली.

काकांना आता थांबवेना. ते भराभरा बोलत सुटले. नवा कॅमेरा तू घेऊन जा, लेन्ससकट. नाहीतर मी स्वतः येतो, सगळ्यांना पुन्हा उभं करू, मी काढून देतो फोटो. आईंना मीच येऊन सांगतो काय झालं ते. सिस्टरने सुई डब्यात टाकली, हात धुतले आणि टॉवेलला एकेक बोट पुसलं.

"भाऊ परत गेले आपापल्या गावी," ती म्हणाली. "धाकटा आता कधी येईल, त्यालाच माहीत नाही."

पिशवी खांद्याला लावून तिने काकूंच्या गालाला हात लावला. उद्या याच वेळेला येते, असं सांगितलं, आणि आज दोन पावलं जास्त चालायचं असं बजावलंही. काकूंनी तिचा हात धरला होता. तो तिने हळूच सोडवून घेतला. काका वाट देण्यासाठी दारातून बाजूला सरकले. ती त्यांच्यासमोरून गेली, बाहेर चपला घातल्या, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं वळली.

"साहेब, तेवढा माझा अभ्रा द्याल का?"

काकांनी नकळत मागे वळून पाहिलं. खोलीत पुरुष असे ते एकटेच होते.