भरलेल्या पाइपातलं शून्य

मी बोलतोय खरा, पण माझं बोलणं म्हणजे पडद्यावरचे चार हिरवे आकडे. मी पाण्याचा फ्लो कंट्रोलर, धुळ्याबाहेरच्या एका सूत रंगवायच्या कारखान्यातला. पाइपातून किती पाणी जातंय ते मोजायचं, ठरल्यापेक्षा कमी वाटलं तर व्हॉल्व्ह उघडायचा, जास्त वाटलं तर आवळायचा. टाकी एकच. तिच्यातला ठरलेला वाटा कारखान्याचा, उरलेलं पाणी मागच्या वस्तीच्या नळांना. म्हणजे चुकणार मी आणि कोरडे पडणार वस्तीचे हंडे.

जळगावच्या दुकानातून मला इथली यंत्रं सांभाळणाऱ्या स्नेहलताईनं आणलं. एसटीत एका मांडीवर मी, दुसऱ्या मांडीवर तिचा आठ महिन्यांचा जीवन. कंडक्टर म्हणाला, "ताई, यातलं लगेज कोणतं?"

ताई हुशार, शिकलेली. फक्त स्वतःवर भरवसा नाही. घराला कुलूप लावून अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी.

मला बसवलं नेमकं दसऱ्याला. त्या दिवशी इथं सगळी यंत्रं धुऊनपुसून काढतात, झेंडूच्या माळा घालतात. मलाही कुंकू लागलं. पडद्याच्या कडेला अजून थोडं आहे.

आधी माझं शून्य ठरवायचं होतं. त्यासाठी पाइप पाण्यानं गच्च भरलेला हवा आणि आतलं पाणी अगदी थांबलेलं. पाइप रिकामा असला की मी काहीबाही बरळतो.

ताईनं सुपरवायझर लीलाधरभाऊंना विचारलं, "भाऊ, पाइप भरलेला आहे ना?"

"पाणी बंद म्हणजे शून्यच की, ताई. करून टाका. मुहूर्त चाललाय, नारळ फोडायचाय."

पूजेआधी धुवायला म्हणून माणसांनी सकाळीच खालचा नळ सोडून पाइप मोकळा केला होता. भाऊंच्या ते लक्षातही नव्हतं. ताई घुटमळली. तेवढ्यात वस्तीतून भागाबाईंचा फोन. जीवनला त्याच सांभाळतात. त्याला ताप भरला होता. ताईनं बटण दाबलं आणि धावत सुटली.

रिकाम्या पाइपात मी उगाच चढा आकडा दाखवत होतो; ते बरळणंच माझं शून्य ठरलं.

तेव्हापासून मी पाणी कमी मोजतो. कमी दिसलं की व्हॉल्व्ह आणखी उघडतो. रंगाचे हौद भरून जास्तीचं पाणी मागच्या नळीनं गटारात जातं. तिकडे कोण बघतंय? पडद्यावर मात्र ठरलेला आकडा. इतका बरोबर, की माझी मलाच लाज वाटते.

परवा भागाबाई जीवनला कडेवर घेऊन थेट आत आल्या. "नळले पानी नही शे, ताई. पोऱ्यानी बाटली धवाले बी नही. तुना डबाले इचारी देख बरं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आकडा बरोबर. भाऊ हसले; नवं मशीन कशाला खोटं बोलेल, वस्तीतलीच लाइन कुठं फुटली असेल, म्हणाले. तरी ताईनं पाइपाला कान लावला, तापलेल्या जीवनच्या छातीला लावते तसा.

"कुठं दुखतंय एवढं तरी सांग रे," ती पुटपुटली. मला म्हणाली की पोराला, कोण जाणे. रडत तोही होता.

पुढचा व्हॉल्व्ह बंद कर, ताई. भरल्या पाइपात पाणी जरा थांबू दे. मी शून्याच्या खाली घसरेन, आणि तुला सगळं कळेल. एवढंच सांगायचं होतं. तिनं त्या व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवलाही.

"मधेच लाइन बंद केली तर सगळं सूत डागाळेल," भाऊ म्हणाले. "उगाच शंका काढू नका, ताई."

"मला मेलीला शंकाच फार," म्हणत तिनं हात काढून घेतला.

चाकावरचा तिच्या घामाचा ठसा केव्हाच वाळला. ताई, तुझी शंका खरी आहे. भाऊंचं ऐकू नकोस, माझंही ऐकू नकोस. सूत बाहेर काढलं की एकदा ये आणि ते चाक फिरव.

तोवर मी काय करणार? आकडा आत्ताच किंचित खाली आलाय. बघ, मी आणखी उघडतोय.