गोदूमावशीचं शून्य

गोदूमावशीचा गुडघा तव्यासारखा तापला होता, आणि ती म्हणत होती, "काय नाय गो बाय, कालपासून जरासा ठणकतोय."

गव्हाणहून तिला पनवेलच्या आमच्या हॉस्पिटलात आणेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. रस्त्यात न्हावा शेवा बंदराचे कंटेनर एकामागे एक उभे. तिचा मुलगा दीपेश हॉर्न वाजवून थकला आणि मग गाडी चालवता चालवता रडायला लागला. रडणाऱ्या पुरुषांचा मला एरवी राग येतो. त्या दिवशी नाही आला, कारण माझंही तेच चाललं होतं.

मी भाविका, रोडपालीची. हाडांच्या विभागात पीएचडीसाठी संशोधन करते. कृत्रिम गुडघा बसवून घेतलेल्या गावोगावच्या बायकांना त्यातून खरंच काय मिळालं, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं, असा माझा अभ्यास. दर महिन्याला विचारायचं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? माझ्या मार्गदर्शक डॉ. वसुंधरा यांनी हे काम मुद्दाम मला दिलं. म्हणाल्या, "तू आगऱ्यांची पोर. परक्या डॉक्टरांपुढे त्या गप्प बसतात, तुझ्यापाशी मन मोकळं करतील."

आणि काय मोकळं केलं! जिला विचारावं तिचं शून्य, फार तर एक. मी हवेत. परिषदेत मांडायची तयारीसुद्धा सुरू केली. मॅडमच्या कपाळावरची आठी मात्र हलेना. "इतकी चांगली ऑपरेशनं मी करत नाही गं. फोनवर विचारणं पुरे. घरी जाऊन बघ." बाईंना मेलं कौतुकच करवत नाही, असं पुटपुटत मी सकाळी फणकाऱ्याने गव्हाण गाठलं. माझ्या यादीतल्या गोदूमावशीने दार उघडायला इतका वेळ लावला की मी परत फिरणार होते. उघडलं तेव्हा ती भिंतीला धरून उभी होती. ताप अंगात मावत नव्हता.

आता मॅडमनी तिच्या गुडघ्यात सुई घातली, तर सुईत पू आला.

"नीट ऐका," त्या दीपेशला म्हणाल्या. "दुखणं कालपरवाचं असेल, तर सांधा उघडून धुता येईल, बसवलेला गुडघा राहील. पण जुनं असेल, तर जंतू त्या धातूला चिकटून बसलेत, तो काढावाच लागेल. तेव्हा नुसतं धुतलं, तर आज बरं वाटेल आणि पुढे पाय कापायची वेळ येईल. कधीपासून दुखतंय, ते खरं कळायला हवं."

"मना कालच बोलली," दीपेश म्हणाला.

"कालपासून," गोदूमावशीने मान हलवली.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुझी नोंद काय म्हणते?"

"शून्य. दर वेळी शून्यच."

सगळं जुळत होतं. ते तसंच खरं असावं, असं मला मनापासून वाटलं, हेही सांगून टाकते. ऑपरेशन थिएटर तयार होतं.

"मग धुऊया?" मॅडमनी विचारलं. "तिला तू ओळखतेस. बोल."

माझ्या तोंडून हो निघणारच होतं. तेवढ्यात मला तिच्या घरची भिंत आठवली. पलंगापासून दारापर्यंत हाताच्या उंचीवर काळपट, तेलकट पट्टा. एका दिवसात भिंत तेवढी मळत नाही.

"मावशे, ती भिंत काय कालपासून मळली?"

ती मग हळूच म्हणाली, "खरा सांगितला तर तुजा काम बिघडंल ना? आमी समद्या बायांनी ठरवलाय. आपली पोर हाय, पास झाली पायजे."

समद्या बायांनी! तो कौतुकाचा डोंगर या बायांनी माझ्यावरच्या मायेपोटी रचला होता, आणि मी त्याच्यावर चढून बसले होते.

"तुजा पाय गेला तर माजा काम काय चुलीत घालू?" मी ओरडलेच. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला.

"तुना ही बाय रागवंल," ती मॅडमकडे बघत कुजबुजली.

"रागवू दे. मी रडंन, पुन्ना कामाला लागंन. पण तुजा पाय मी कुठून आणू? सांग, कवापासून?"

तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"शिमग्यापासून गो बाय."

शिमगा कधीच झाला होता. चैत्रही संपत आला होता. शिमग्यानंतर मी तिला फोन केला होता आणि शून्य ऐकून खुशीत ठेवला होता.

मॅडम रागावल्या नाहीत. भूलतज्ज्ञांना एवढंच म्हणाल्या, "गुडघा काढायचाय. मध्ये औषध घातलेलं सिमेंट भरू, जंतू गेले की नवा बसवू." मग दीपेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पाय वाचेल."

स्ट्रेचर हलताना गोदूमावशीने माझी बोटं घट्ट धरली. "आता इचार ना, कवरा दुखतय."

"कवरा?"

"धा," ती म्हणाली. "धा हाय गो." आणि मग घाबरून, "तू पास व्हशील ना?"

"नाय," मी म्हटलं, आणि तिचा हात न सोडता थिएटरच्या दारापर्यंत चालत गेले.