इंदुमतीबाईंची वाटी ऐकणारा मी

मी एक जुना मायक्रोफोन आहे. मित्रांनो, गाणाऱ्याच्या हातात असतो तो नव्हे. मी नखाएवढा, हिरव्या पट्टीवर बसवलेला, आणि भोपाळच्या कारखाना-वसाहतीत एका क्वार्टरच्या कपाटात पडून आहे.

वसुधाने मला आईसाठी आणले. इंदुमतीबाईंची वाचा अर्धांगवायूने गेली होती. आणि तीस वर्षे घणांच्या आवाजात काढलेल्या तिच्या वडिलांना, बाळकृष्णरावांना, काहीच ऐकू येत नव्हते. वसुधा दिवसा बाग सेवनियाच्या शाळेत शिकवायला जाई. तिने मला तीन तारांनी एका छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडले. लाल तार वीज आणणारी, काळी ती परत नेणारी, पिवळी माझा निरोप पोचवणारी. बाईंनी चमच्याने वाटी वाजवली की बाहेरच्या खोलीत दिवा लागे. तो पहिल्यांदा लागला तेव्हा बाई हसल्या. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

पण वसाहत भोंग्यावर चालते. कारखान्याचा भोंगा झाला की दिवा लागे आणि बाळकृष्णराव उगाच धावत येत. एका दुपारी ते वैतागले.

"इंदू, हा तर भोंग्यालाही पेटतो. थांब, याची सेटिंगच करून टाकतो."

माझ्या अंगावर एक बारीक स्क्रू आहे. किती मोठा आवाज झाला म्हणजे निरोप द्यायचा, ते त्यावर ठरते. घड्याळात दोन वाजलेले पाहून, भोंगा चालू असतानाच त्यांनी तो दिवा विझेपर्यंत फिरवला. जन्मभर फिटर राहिलेला माणूस, तपासल्याशिवाय कसा सोडेल? बाईंनी चमचा धरून हात पुढे केला. "तू दमशील," म्हणत त्यांनी तो काढून घेतला आणि स्वतः वाटी वाजवली. दिवा लागला. ते समाधानाने बाहेर जाऊन बसले.

तासाभराने बाईंना पाणी पिताना ठसका लागला. श्वास कोंडला. त्यांनी वाटी वाजवली, पुन्हा पुन्हा वाजवली. मित्रांनो, मी प्रत्येक वेळी ऐकले. पण त्यांच्या हातात जोर नव्हता, आणि स्क्रूने मला गप्प बसवले होते. बाळकृष्णराव दिव्याकडेच तोंड करून बसले होते.

तेराव्यानंतर वसुधाने वाटी हळूच वाजवून पाहिली. दिवा लागला नाही. तिने स्क्रू पाहिला, मग कागदावर मोठ्या अक्षरांत वडिलांना लिहून दिले, "बाबा, तार सुटली होती. तुमची चूक नाही."

तार सुटली नव्हती. तरी तो दोष मी घेतला. मित्रांनो, कुणाची हाक ऐकायला असे काही बसवाल, तर ते हाक मारणाऱ्याच्याच हाताने तपासा.

बाळकृष्णराव अजून रोज कपाट उघडतात आणि माझी पिवळी तार ओढून पाहतात. ती घट्ट आहे.