हाकेला ओ

"तोंड काय नुसते नूडल्स गिळायला दिलंय? तेव्हा का नाही उघडलंस?"

सूयुन खळ्यावर सिनेमाचा पडदा बांधत होती. खाली मान घालून म्हणाली, "ओठांवर आलं होतं हो काकू. पण चित्र बिघडेल म्हणून..."

"घाल चुलीत तुझं चित्र!" मी खेकसले.

सूयुन आमच्याच गावची पोर. शहरात सिनेमा शिकली आणि कॅमेरा घेऊन परत आमच्याच मागे लागली. मका सोलताना, डुकरांना खायला घालताना, भांडताना, सगळं टिपायची. यात बघण्यासारखं काय गं मेले, असं मी विचारायची, तर नुसती हसायची.

वसंतात आमचा म्हातारा घसरून कालव्यात पडला. वर काढला, पण नजर कुठेतरी भलतीकडेच. अशा वेळी जीव भिऊन वाटेतच थांबतो, त्याला घरी बोलवावं लागतं. दिवेलागणीला एकाने दारातून हाक मारायची, दुसऱ्याने आतून आजाऱ्याच्या वतीने 'आलो' म्हणायचं. मुलगा वेइतुंग शहरात, शेजारच्या घरांना कुलपं. आत म्हाताऱ्यापाशी एकटी सूयुन. मी पळीने चौकट ठोकत तीनदा हाक मारली. आतून चकार शब्द नाही. कॅमेऱ्यामागच्याने बोलायचं नसतं, असं तिच्या गुरुजींनी शिकवलं होतं म्हणे. आठवड्याच्या आत म्हातारा गेला. मी रीतसर त्याचे कपडे जाळले, त्याच्या जिवाची पाठवणी केली. आता उद्या वेइतुंग मला शहरात न्यायला येणार होता. घराला कुलूप लागणार होतं. मला जायचं नव्हतं, पण थांबायचं तरी कुणासाठी?

अंधार पडला आणि सिनेमा सुरू झाला. स्वतःला बघून लोक खिदळत होते.

"अगं बाई, मी एवढी जाड?"

"कॅमेऱ्याला कशाला दोष देतेस!"

मग पडद्यावर आमचा झोपायचा ओटा दिसला, विटांचा, खालच्या चुलीने तापणारा. त्यावर म्हातारा आडवा. बाहेरून पळीची ठकठक आणि म्हाताऱ्याला नावाने हाक मारणारा माझा आवाज. "यिनशान, घरी ये!" हसणं थांबलं. दुसरी हाक. पुन्हा शांतता. तिसऱ्या हाकेला मात्र अख्खं खळं एका तोंडाने म्हणालं, "आलो!"

सवयच ती. अशी हाक कुणी लोंबकळत ठेवत नाही. पण पाठवणी झालेल्याला बोलवायचं नसतं, हे लगेच सगळ्यांच्या ध्यानात आलं. गावातल्या कुओआजोबांनी तोंडावर हात ठेवला. पडद्याजवळ पडलेलं आमचं कुत्रं उठलं आणि शेपूट हलवत आमच्या गल्लीकडे निघालं. म्हाताऱ्याच्या पुढे चालायचं ना, अगदी तसंच, मध्येमध्ये मागे बघत.

"काकू, बंद करू?" सूयुन रडत होती.

"आता बंद करून काय होणार, बाळ?" माझा राग कुठे गेला, मलाच कळलं नाही.

घरी आले तर कुत्रं दारात बसलेलं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? ओट्याखालची चूल दोन दिवस पेटवली नव्हती. विटा गार होत्या. मी हात फिरवत गेले. म्हाताऱ्याच्या बाजूला कोमट लागल्या.

सकाळी वेइतुंग गाडी घेऊन आला. हातात नवं कुलूप.

"आई, चल."

"कशी येऊ? घरात माणूस आहे."

मेजावर दोन वाडगे वाढलेले होते. म्हाताऱ्याच्या वाडग्यातली वाफ, कुणी जेवत असावं तशी, भराभर कमी होत होती. वेइतुंगने त्या वाडग्याकडे बघितलं. मग त्याने कुलूप खिशात टाकलं आणि बापाची जागा सोडून बसला.

"मलाही वाढ," तो हळूच म्हणाला.