होकार

डाव्या खडावेची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली... उजवी मात्र धड. म्हणजे स्वामी एक पाय फरफटत चालत असणार. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या पुरुषाची नर्मदेला उगाच कीव आली. असल्या गोष्टी बायकोच्याच नजरेला पडायच्या.

पुजारी अप्पा मठाचा इतिहास सांगत होते. स्वामी घाटावरून आले, या कड्यात बारा वर्षं बसले, मग शिष्यांनी जांभा फोडून मठ उभारला... "आणि घर सोडताना धर्मपत्नीने आनंदाने संमती दिली. तीच चाल आजही आहे. पत्नीने या खडावांवर पाणी सोडल्याशिवाय इथे कुणाला संन्यास मिळत नाही."

म्हणून तर तिला वेंगुर्ल्याहून पहिल्या एस.टी.त घालून आणलं होतं! खाली पायरीवर तिचा नवरा सत्यवान बसला होता – होकाराची वाट न बघता डोकं तुळतुळीत करून. चार वर्षं तो इथे सेवेत; आणि काजूच्या कारखान्यात बोटं काळी करून घर चालवलं कुणी? उद्या लोक त्याच्या पाया पडणार. वा रे वा, मोक्ष ह्याला आणि चीक माझ्या बोटांना!

"सोड गो पाणी," सासू, हौसाबाई, कुजबुजली. "पुण्य गावतला तुका."

ओंजळीत पाणी गार होतं. महिनाभर तिने ठरवलं होतं – रडायचं, त्याचे पाय धरायचे, घरी न्यायचं... आणि आता मेलं रडूच येईना.

"अप्पानू, त्या बायलेचा नाव काय हुता?"

"कुणाच्या?"

"स्वामींच्या. आनंदान हो म्हटलेल्या."

अप्पा चाचपडले. "नावाची... नोंद नाही."

"नाव ठावक नाय, आणि आनंद तेवढो ठावक!"

हौसाबाईने कपाळावर हात मारला. सत्यवानाने मान वर केली, चार वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आणि तिला एकदम कळलं – हा मला नकोच आहे. घरी आला तरी नको. मग सोडून टाकावं की पाणी? छे! नको असलेला नवरासुद्धा मी आनंदाने दिला, असं कुणी पुढची सहाशे वर्षं सांगत बसायला नको...

"माझो होकार नाय," ती म्हणाली, आणि ओंजळ तोंडाला लावून सगळं पाणी पिऊन टाकलं.

सासू आता घरात घेईल? न घेतलं तर? आणि तरी हसू काही आवरेना.